सतरा किलोमीटर वरचे मामा

जमिनीवर राहूनही जमिनीशी फारसा संबंध न ठेवलेले गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले, माझ्या बायकोचे मामा. हवामान खात्यात वरची हवा मोजायचे फुगे सोडण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, आणि निवृत्त होऊन अमडापूरला आले तरी जीव वरच अडकलेला. बाजारात कोणी विचारावं, "मामा, पाणी येते का?" की हातातली मेथीची जुडी उंच धरून सुरू, "खालचं मले नाही माहीत. पण गरम हवा वर चढते ना, तशी गारठत जाते. गारठली का तिच्यातल्या पाण्याचा बर्फ होते अन् गळून पडते. सतरा किलोमीटरवर पोचेपर्यंत हवा पार कोरडी!" विचारणारा तोवर कांद्याच्या ढिगापाशी पोचलेला असे. आमच्या लग्नात फोटोसाठी सगळे उभे राहिले, तेवढ्यात मामा ओरडले, "तो पाहा, माथा सपाट झालेला ढग! सतरा किलोमीटरवर पोचला, त्याच्यावर जाता येत नाही!" त्या फोटोत नवरा-नवरीसकट सगळं वऱ्हाड आभाळाकडे पाहतंय.

मग काचबिंदूनं त्यांचा एक डोळा गेला. दुसऱ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीनं चेन्नईला बोलावलं. मामा म्हणाले, "येतो. पण विमानानं, अन् दिवसाउजेडी." सोबत मी गेलो. इतरांना उन्हाचा त्रास होतो म्हणून हवाईसुंदरीनं खिडकीची झडप ओढायला सांगितली, तर मामांनी हात जोडले. "बाई, जिंदगीभर फुगे पाठवले इकडं. आज मी सोता आलो. पाहू द्या." तिनं पाहू दिलं. शेजारीच एक प्रचंड ढग उभा होता, आणि त्याचा माथा आमच्याही कितीतरी वर होता. "अजून वर हाय, जवाईबापू," ते हळूच म्हणाले, "आपल्याले नाही पोचता येत." काचेला कपाळ टेकवून ते उतरेपर्यंत बाहेर पाहत राहिले.

डोळा वाचला, पण नजर अंधुकच राहिली. मामा आता लेकीकडेच असतात. दर रविवारी दुपारी फोन येतो. "गच्चीवर जा. वर काय चालू हाय?"

मी जातो, सांगतो.

"माथा सपाट झाला का?"

"हो, मामा."

"मंग पोचला तो," म्हणतात, आणि फोन ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही. आभाळ अगदी कोरं असलं, तरी एखादा ढग मी घालतोच.