गोठ्यापर्यंतचं वायफाय

चिकलठाण्याच्या बन्सीभाऊंना कुणी "कसं काय?" विचारलं, की ते आधी खिशातून मोबाईल काढायचे आणि मग उत्तर द्यायचे. उत्तर म्हणजे म्हैस.

"ही बघा आपली जमना. आत्ता, या घडीला रवंथ करतीय. लाईव्ह! समजलं का नाय?"

कारखान्यात अठ्ठावीस वर्षं फोरमनकी केल्यामुळं समोरच्याला समजलेलं नसणारच, असा त्यांचा ठाम विश्वास.

तसं हे खूळ निव्वळ हौसेचं नव्हतं. मागल्या खेपेला जमना व्यायली तेव्हा नवरा-बायको दोघंही लग्नाला गेले होते. पोटातली वगार अडली आणि गेली. घरापासून गोठा अडीचशे पावलांवर, पण मधली जमीन प्लॉट पाडून विकली, तिथं दुमजली बंगले उठले आणि ओसरीतून दिसणारा गोठा दिसेनासा झाला. त्यानंतर आठ दिवस बन्सीभाऊ कोरा चहा पीत होते. जमनाचं दूध घशाखाली उतरेना. त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. बायकोनं, म्हणजे सारजाबाईंनी, सगळ्या गल्लीला सांगितलं.

म्हणून आता जमनाचे दिवस भरत आले, तसं त्यांनी नेटवाल्या आकाशला बोलावलं. घरात फास्ट नेट होतंच, ते गोठ्यापर्यंत न्यायचं आणि तिथं कॅमेरा लावायचा.

"सिंपल आहे काका," आकाश म्हणाला. याला सगळंच सिंपल. "एक सिग्नलचा डबा तुमच्या गच्चीवर, एक गोठ्यावर. बंगल्यांच्या मधल्या फटीतून दोघांनी एकमेकाच्या तोंडाकडं बघायचं. मधी काही आलं नाय पाहिजे, अन् मान हलली नाय पाहिजे. मान हलली की खेळ खल्लास."

"म्हंजे लग्नासारखंच," बन्सीभाऊ म्हणाले.

"लग्नात मान हलवायलाच लागती," सारजाबाई आतून म्हणाल्या.

गोठ्यावर आकाशनं भिंतीला नवा पाईप ठोकायचं काढलं, तर फोरमन आडवे आले. गोठ्यात लोखंडी खांब होता, पत्र्यातून हातभर वर निघालेला. "हा असताना नवा कशाला? मी स्वतः उभा केलाय."

"काका, हलतोय हा."

"तू हलवतोय म्हणून हलतोय."

"अहो, जमना त्यालाच अंग घासती की," सारजाबाई म्हणाल्या.

"घासू दे. ती खाली, डबा वर. समजलं का नाय?"

डबा खांबावरच बसला. पंधरा दिवस चित्र असं स्वच्छ, की जमनाच्या पापण्यांचे केस मोजावेत. बन्सीभाऊ जेवताना मोबाईल ताटाला टेकवून ठेवायचे आणि जमनाच्या तालावर भाकरी चावायचे.

एका शनिवारी सकाळी शेजारच्या बंगल्यातले आप्पासाहेब आले. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला माणूस, पण जिभेवरची फाईल काही अजून बंद झालेली नाही.

"बन्सीराव, सदर म्हैस कधी विणार, याबाबत काही अंदाज?"

"आज तर नाय. दिवस भरला की म्हैस उठती, बसती, तगमग करती. ही बघा, अर्धा तास झाला, कशी साधूसारखी बसलीय."

आप्पासाहेबांनी चष्मा वर करून पाहिलं. "शिस्त वाखाणण्याजोगी आहे."

सारजाबाई साखर किती ते विचारायला आल्या, मोबाईलवर नजर टाकून गेल्या. चहा घेऊन आल्या आणि पुन्हा वाकून बघितलं.

"हिची शेपटी का हलंना?"

"आराम करतीय."

"अन् ही कानावरची माशी? साखर विचारली तवा इथंच होती. चहा उकळला, गाळला, तरी इथंच. माशा काय संपावर गेल्यात?"

बन्सीभाऊंनी पडद्यावर बोट आपटलं. जमना हलली नाही, माशीही नाही. "अगं, नेट अडकलं असंल..." ते म्हणेपर्यंत सारजाबाई अनवाणी पळत बंगल्याच्या कोपऱ्यावर पोचल्या होत्या. मागून बन्सीभाऊ, त्यांच्या मागून कपबशी हातात घेऊन आप्पासाहेब.

गोठ्यात जमना खांबाला अंग रगडत हंबरत होती. खांब तिरका झालेला आणि वरचा डबा घराकडं पाठ करून विमानतळाकडं तोंड केलेला, जसा काही विमानं मोजायला बसवलाय. पाणमोट फुटून खाली पाणी झालं होतं. पुढचे दोन यायला हवेत, तर एकच पाय बाहेर आला होता. एकच.

डॉक्टरला लावायला बन्सीभाऊंनी मोबाईल काढला, तर पडद्यावर अजून साधू तसाच बसलेला. त्यांनी पडद्याकडं बघितलं, समोर बघितलं, पुन्हा पडद्याकडं बघितलं.

"द्या इकडं तो!" सारजाबाईंनी मोबाईल ओढून डॉक्टरांना लावला. ते मुकुंदवाडीत दुसऱ्या एका जनावरापाशी होते. अर्धा तास तरी लागणार. "तवर वाट बघितली तर हे बी जाईल. बाह्या सारा. तुमच्या वडलांना अडलेली वगार ओढताना बघितलंय ना?"

बन्सीभाऊंनी कोपरापर्यंत साबण लावला. "आप्पासाहेब, दावं धरा!"

"मला याबाबत अनुभव नाही."

"दावं धरायला अनुभव लागत नाय हो!" सारजाबाई ओरडल्या. आप्पासाहेबांनी कपबशी गव्हाणीत ठेवली आणि दावं धरलं.

दुसरा पाय आत दुमडलेला होता. बन्सीभाऊ डोळे मिटून चाचपडत राहिले. कुणाला काही समजावून सांगायचंच नव्हतं. खूर तळहातात आला, तसा त्यांनी तो हळूहळू सरळ केला. जमनानं कळ दिली, त्यांनी ओढलं, आणि सगळं वजन एकदम त्यांच्या मांडीवर आलं.

वगार होती. पण श्वास नाही.

सारजाबाईंनी नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, नाकपुडीत कडब्याची काडी फिरवली, पोत्यानं खसाखसा पुसलं. बन्सीभाऊ नुसतं "ए... ए बाय... ए..." म्हणत होते.

वगार शिंकली.

"सदर वगार जिवंत आहे!" आप्पासाहेबांनी जाहीर केलं, आणि दावं सोडायचं विसरून तसेच उभे राहिले. बन्सीभाऊ भिंतीकडं वळले. डोळ्यात कडब्याचं कुसळ गेलं म्हणाले. दोन्ही डोळ्यांत.

डॉक्टर आले, तपासून, इंजेक्शन देऊन गेले. सारजाबाई म्हणाल्या, "घरी चला, अंघोळ करा, दोन घास खावा." बन्सीभाऊ पेंडीच्या पोत्यावरून उठले नाहीत.

तेवढ्यात आकाशचा फोन. "काका, तुमचा गोठा ऑफलाईन दिसतोय. सिंपल आहे, येऊन पाच मिनटांत डबा सरळ करतो."

वगार चौथ्यांदा उभी राहत होती. चार पाय चार दिशांना, तोंड आईच्या पुढच्या पायात, तिथं दूध शोधत.

"उद्या ये," बन्सीभाऊ हळू आवाजात म्हणाले. "आज सवड नाय. म्हैस बघतोय."