हरतालिकेच्या दिवशीची मॅच

माझी नात गोलच्या दोन बांबूंमध्ये पडली होती आणि तिचे डोळे वर गेले होते. मी धावत गेले आणि आधी ट्रेनरबाईच्या हातातली बाटली हिसकावली. आतलं पाणी पिवळसर दिसत होतं.

"काय पाजलंस हिला?"

"आजी, अजून पाजायचंच तर आहे! सोडा ना बाटली."

मी सोडली नाही. या बाईवर माझा पहिल्यापासून भरोसा नव्हता. लोधीपुऱ्यातून मोटरसायकलवर यायची, लग्न केलेलं नव्हतं, आणि फुटबॉल फुकट शिकवायची. फुकट कोण काय शिकवतं? ती आमच्या फोपनारला आली तेव्हा एका टीमीपुरत्याही पोरी जमत नव्हत्या. बाप लोक बघून हसायचे. मग केळी काढलेल्या रानात पोरी वाढत गेल्या, शेजारच्या गावांनी आपापल्या टीमी काढल्या, जिल्ह्याच्या मॅची होऊ लागल्या. पोरी वाढल्या तसा माझा संशयही वाढला. मी प्रत्येक मॅचला जायची. खेळ मला कळत नव्हता, मी बाईवर नजर ठेवायला जायची. "आजी आली, पोलीस चौकी बसली," पोरी म्हणायच्या.

त्या दिवशी हरतालिका होती. सुनेने नातीला बजावलं होतं, निर्जळी उपास धरशील तर मॅच, नाहीतर घरी बस. आमच्याकडे चांगला नवरा मिळावा म्हणून कुमारिका हा उपास करतातच. नवरा जाऊन इतकी वर्षं झाली तरी मीही करते. पण आम्ही उपास धरून सावलीत बसायचो. भादव्याच्या उन्हात चेंडूमागे पळायचो नाही.

"सकाळी विचारलं होतं मी हिला," बाई म्हणाली. "बोलली, घरून खाऊन-पिऊन आली."

बाजूची पोर रडत होती. "झूट बोलली, मॅडम. उपास आहे म्हटलं असतं तर तुम्ही खेळू दिलं नसतं ना."

बाईने तोंडावर पाणी मारलं तशी नातीने डोळे किलकिले केले. ओठांना पाणी लावलं तर दात आवळले.

"नको. आई खेळणं बंद करेल."

माझ्या हातात ती पिवळी बाटली होतीच. संशय काही जाईना, म्हणून मी ती आधी स्वतःच्या तोंडाला लावली. लिंबू, मीठ, साखर. दोन घोट पोटात गेल्यावर लक्षात आलं की उपास माझाही होता.

नात बघत होती. "आजी, तुझा मोडला."

"मोडला. आता तू पी. तुझ्या आईला मी बघते."

ती प्यायली. मग ऑटोत घालून तिला बुऱ्हाणपूरला नेलं. रस्ताभर बाई तिला वारा घालत होती आणि मी बाईच्या हातांकडे बघत होते. डॉक्टरांनी सलाईन लावलं. म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. सून आली आणि बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "उपास आधी मी मोडला. काय बोलायचं ते मला बोल." ती लेकीच्या उशाशी जाऊन बसली.

आता हरतालिकेला मॅच ठेवत नाहीत. बाईवर पुरता भरोसा मला अजून नाही, बाटली आधी मीच चाखते. नात वाचली. गोलात तीच उभी राहते.