आडनाव आधी, अमेरिका नंतर

अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं मला एमबीएला प्रवेश नाकारलेला आहे. मी अर्ज केलेला नव्हता.

(खोटं वाटत असेल तर भोकरदनला घरी या. पत्र बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावलंय, चांगल्या सागवानी फ्रेममध्ये.)

मी किसन साळवे. भोकरदनच्या एका हायस्कुलात हेडक्लार्क होतो. पोरांना शिकवायचे मास्तर लोक, पण पोरगं दहावीच्या परीक्षेला बसायचं ते माझ्या हातून! बोर्डाचा फॉर्म माझ्याइतका सुबक भरणारा माणूस अख्ख्या तालुक्यात नाही, असं सगळे म्हणायचे. (म्हणजे मी म्हणायचो, आणि समोरच्याला फॉर्म भरून हवा असल्यामुळे तो मान हलवायचा.) फॉर्मच्या बाबतीत माझा नियम एकच: आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. हजेरीत तसंच, मार्कमेमोवर तसंच, टीसीवर तसंच.

ही नावाची एवढी कटकट का, तर माझ्या बापाचं नाव उभ्या जन्मात कागदावर आलं ते फक्त रोजगार हमीच्या हजेरीपटावर, आणि त्याच्या शेजारी सही नव्हती, अंगठा होता. त्यामुळे साळवे हे आडनाव कागदावर उमटताना दिसलं की मला आजही बरं वाटतं. तर असो.

आमची वैशाली, म्हणजे वैशू, इंजिनियर झाली आणि औरंगाबादला एका कारखान्यात लागली. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं घरी यायची, रविवारी परत. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. एका रविवारी जेवता जेवता ती म्हणाली, "बाबा, मला अमेरिकेत एमबीए करायचंय."

तिची आई कमल म्हणाली, "आधी भाकर संपव."

भाकर संपल्यावर तिनं सगळं समजावून सांगितलं. एक प्रवेश परीक्षा असते, तिच्या मार्कांना स्कोअर म्हणतात, आणि तो स्कोअर परीक्षा घेणारेच परस्पर विद्यापीठांना पाठवतात. आपण पाठवलेला चालत नाही.

"चालत न्हाई म्हंजे? ट्रू कॉपी करून दिली तर?" मी विचारलं.

"न्हाई."

"हेडमास्तरच्या सहीशिक्क्याची?"

"न्हाई, बाबा."

"तहसीलदाराच्या?"

"कलेक्टरच्या सहीची बी चालत न्हाई!"

कमलला वाईट वाटलं. "आपल्यावर त्यांचा बिलकुल इस्वास न्हाई का गं?"

"आई, त्यांचा कुणावरच न्हाई."

मग वैशूनं खरी गोष्ट सांगितली. अर्ज ती दोन-चार ठिकाणी करणार होती, पण जीव अडकला होता एकाच विद्यापीठात, कारण तिथे पूर्ण शिष्यवृत्ती होती. ती मिळाली तर अमेरिका, नाहीतर कारखाना. दुसरा रस्ता आमच्या ऐपतीत नव्हता, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

परीक्षेचा फॉर्म भरायला बसली तोच तिच्या एसटीची वेळ झाली. मी म्हणालो, "ठेव तो इथं. मी भरतो."

"बाबा, कॉलेजांचे कोड मी लिहून ठेवलेत. बाकी काय, नाव-पत्ता."

"अगं, मला नाव-पत्ता शिकवून राह्यली का?"

ती गेली. मी हात धुतले, पेन्सिलीला टोक केलं आणि फॉर्म पुढ्यात घेतला. एकेक चौकोन, त्यात एकेक इंग्रजी अक्षर, खाली गोल काळे करायचे. पहिल्यांदा विचारलं होतं 'लास्ट नेम'. लास्ट म्हणजे शेवटचं. साळवे वैशाली किसन, यात शेवटी कोण? किसन! लिहिलं किसन. पुढं 'फर्स्ट नेम'. पहिलं कोण? साळवे! राहिलं मधलं नाव, आणि त्याला त्या लोकांनी एकच चौकोन ठेवलेला. त्यात 'व्ही' लिहिला. परीक्षा देणार पोरगी, आणि तिच्या वाट्याला एकच अक्षर! मला जरा चुकचुकल्यासारखं झालं. पण नियम म्हणजे नियम. गोल इतके देखणे काळे केले की फॉर्म पोस्टात टाकू नये, ओवाळावा असं वाटत होतं.

प्रवेशपत्रावर नाव उलटंसुलटं आलेलं वैशूनं पाहिलं होतं. पण अभ्यासाच्या घाईत तिला वाटलं, अमेरिकेच्या कॉम्प्युटरनं केलं असेल. मुंबईच्या केंद्रावर दारातल्या माणसानं तिचा पासपोर्ट आणि प्रवेशपत्र ताडून पाहिलं. साळवे, किसन आणि 'व्ही' पासपोर्टातही सापडले, त्यानं आत सोडलं. तिन्ही बरोबर होते, फक्त जागेवर नव्हते.

काही आठवड्यांनी पोस्टमन आला. "साळवेसाहेब, तुमच्या नावानं अमेरिकेचं पाकीट!"

पाकिटावर होतं, 'साळवे व्ही. किसन'. आत वैशूचा स्कोअर. आकडा मोठा दिसत होता, पण त्याच्या शेजारी 'बिलो' असा शब्द आणि खाली त्र्याण्णव.

"बिलो म्हंजे?" कमलनं विचारलं.

"खाली."

"अगं बाई! पोरगी खाली गेली?"

"आता वैशूलाच विचारावं लागंल," असं म्हणत मी चपला घातल्या. एसटीडी बूथवरून तिला फोन लावला, तेव्हा उलगडा झाला. शंभरातले त्र्याण्णव जण तिच्या खाली होते! मी घरी येऊन कमलला सांगितलं आणि तसाच पेढे आणायला गेलो. शाळेत वाटले, पोस्टात वाटले, एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्यालाही दिला. "त्र्याण्णव जण खाली आहेत आमच्या वैशूच्या," असं मी ज्याला त्याला सांगत होतो. "कुठून खाली?" असं त्या चौकशीवाल्यानं विचारलं, पण त्याचा तो स्वभावच आहे.

मग वैशूनं तिचा अर्ज स्वतः भरला, स्वतः पाठवला. आणि एके दिवशी त्या शिष्यवृत्तीवाल्या विद्यापीठाची दोन पत्रं एकदमच आली. पहिलं 'मिस वैशाली साळवे' हिला: तुमचा अर्ज मिळाला, स्कोअर मिळालेला नाही, मुदतीत न आल्यास अर्जाचा विचार होणार नाही. दुसरं 'मिस्टर साळवे किसन' यांना: तुमचा उत्तम स्कोअर मिळाला, अर्ज मिळालेला नाही, आम्ही वाट पाहत आहोत.

थोडक्यात, पोरीकडे अर्ज होता आणि बापाकडे मार्क!

माझ्या मात्र हे ध्यानात आलं नाही. मला वाटलं, किती शिस्तीची माणसं! पालकालाही वेगळं पत्र! आपल्याकडे पालकसभा असते तसंच हे. पालकाचा अर्ज हवा म्हणतायत, तर देऊ. "टू, द प्रिन्सिपॉल. आय, साळवे किसन भिकाजी, बेग टू स्टेट" अशी सुरुवात करून मी झकास विनंती-अर्ज लिहिला आणि खाली ठसठशीत सही केली.

मुदत जवळ आली होती, म्हणून अर्ज फॅक्सनं पाठवायचा होता. फॅक्स होता जालन्यात, आमचे दोस्त रफिकभाई ज्या बियाण्याच्या कंपनीत होते तिथे. सकाळच्या गाडीनं जालन्याला गेलो. रफिकभाईंनी दोन्ही पत्रं वाचली आणि कपाळाला हात लावला.

"साळवे साब, ये नाम का घोटाला है. इनो समझ रहे की दो आदमी हैं."

 घोटाळा नावाचा असेल तर त्यावरचा इलाज माझ्या हातातला! दरवर्षी आमच्या शाळेत कुणाचा ज्ञानेश्वर ज्ञानोबा व्हायचा, कुणाची मंगल मंगला. अशांना मी एकच औषध द्यायचो: अ‍ॅफिडेव्हिट! तडक कचेरीत गेलो, स्टँप पेपर घेतला आणि टायपिस्टला मजकूर सांगितला: 'साळवे वैशाली किसन, वैशाली साळवे आणि साळवे किसन ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती एकच आहे.' खाली शपथेवर सही केली, साळवे किसन भिकाजी.

(होय. मी आणि माझी मुलगी एकच व्यक्ती आहोत, असं मी कायद्यासमोर शपथेवर सांगितलं! टायपिस्टनं इंग्रजी करून दिलं, नोटरीनं लाल शिक्का मारला. कुणी हूं की चूं केलं नाही.)

विनंती-अर्ज आणि अ‍ॅफिडेव्हिट, दोन्ही फॅक्सनं गेलं. सोबत रफिकभाईंनी सवयीनं कंपनीचा कागद वर जोडला. त्यावर कपाशीचं टपोरं बोंड आणि 'संकरित बियाणे' असं इंग्रजीत.

दोन दिवसांनी रफिकभाईंनी शाळेत फोन केला. "साळवे साब, जल्दी आओ! जवाब आया!"

जवाब मिस्टर किसन यांना होता. तुमचा अर्ज मिळाला. बियाणे उद्योगातल्या तुमच्या अनुभवाबद्दल जाणून घ्यायला आवडेल, कृपया निबंध आणि पदवीची प्रत पाठवा. तसंच आपण मिस वैशाली या नावानेही अर्ज का केला आहे, त्याचा खुलासा करावा.

"मुबारक हो," रफिकभाई म्हणाले. "इनो तुमकूच बुला रहे!"

शनिवारी वैशू आली. पायावर पाणीही घेतलं नव्हतं तिनं, तोच मी सगळे कागद तिच्यापुढे ठेवले. एकेक कागद वाचत गेली. मी हात बांधून दाराशी उभा होतो. शाळेत कितीतरी पोरांना मी रिझल्टच्या दिवशी असं उभं राहिलेलं पाहिलं होतं.

"बाबा, परीक्षा कोणी दिली?"

"तू."

"मंग स्कोअर कोणाला मिळाला?"

"...मला."

"कारखान्यातून येऊन रात्र रात्र अभ्यास केला मी, बाबा!" तिनं हातातले कागद खाली ठेवले. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. सगळ्या तालुक्याचे फॉर्म भरले, एकाचंही नुकसान होऊ दिलं नाही, आणि घरच्याच पोरीच्या नशिबात माझा हात आडवा आला!

तेवढ्यात तिच्या हाताला अ‍ॅफिडेव्हिट लागलं. 'ती व्यक्ती एकच आहे' इथपर्यंत ती आली, आणि पदरात तोंड खुपसावं तशी तिनं ओढणी तोंडावर घेतली. खांदे गदागदा हलायला लागले.

"अगं, हसून राह्यली का रडून राह्यली?" कमल घाबरली.

"दोन्ही!" ओढणीतून आवाज आला.

मग तिनं डोळे पुसले, एक कोरा कागद घेतला आणि इंग्रजीत पाच-सहा ओळी लिहिल्या. मला मराठीत वाचून दाखवल्या. 'परीक्षा मी दिली, फॉर्म माझ्या वडिलांनी भरला. आमच्याकडे आधी घराचं नाव सांगतात, मग स्वतःचं, मग वडिलांचं. माझ्या वडिलांनी मला मधे ठेवलं, कारण त्यांच्या हिशेबात माणसाच्या पुढे त्याचं घर असतं आणि पाठीशी बाप. तुमच्या फॉर्ममध्ये माझ्यासाठी एकच चौकोन होता. कृपया तो चौकोन आणि तो स्कोअर माझाच धरावा.'

मी तो कागद हातात घेतला आणि त्या इंग्रजी ओळींवरून बोट फिरवलं.  माझ्या अक्षराचाही एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता, आणि माझं अक्षर ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल की मी केवढी मोठी गोष्ट बोलतोय.

पासपोर्टची नक्कल जोडून ते पत्र परीक्षावाल्यांनाही गेलं आणि विद्यापीठालाही. (या वेळी रफिकभाईंना बोंडाचा कागद कपाटात ठेवायला लावला!) परीक्षावाल्यांनी नाव सरळ करून स्कोअर पुन्हा पाठवला. मुदत संपायच्या आत पोचला, असं विद्यापीठानं कळवलं. मग आम्ही वाट पाहत बसलो. पोस्टमनला लांबूनच हात करायची मला सवय लागली. तोही लांबूनच नकाराचा हात हलवायचा.

एक दिवस मात्र त्यानं हात हलवला नाही. सायकल थेट ओट्याला लावली. दोन पाकिटं होती, एक जाड, एक पातळ.

जाड वैशूचं. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट! कमलनं शेजारच्या चार घरांत ऐकू जाईल असं "जयभीम!" म्हटलं आणि रडायला लागली. मी पण रडलो. पोस्टमनला ओट्यावर बसवून आधी पाणी दिलं, मग चहा दिला, मग पुन्हा पाणी दिलं, काय देतोय तेच कळत नव्हतं.

मग मी पातळ पाकीट फोडलं. 'प्रिय मिस्टर साळवे किसन, या वर्षी अनेक गुणवान उमेदवार असल्याने आम्ही आपणास प्रवेश देऊ शकत नाही, याचा आम्हाला खेद वाटतो.' माझी फाईल बंद करायची राहून गेली होती बिचाऱ्यांची.

"म्हंजे तुम्ही नापास?" कमलनं डोळे पुसत विचारलं.

"तसंच दिसून राह्यलंय."

"धन्य आहे! परीक्षेला न बसता नापास होणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला."

वैशू दोन वर्षांनी पदवी घेऊन आली. तीही मी तशाच सागवानी फ्रेममध्ये बसवली आणि माझ्या पत्राशेजारी टांगली. घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिच्या पदवीपुढे उभा राहतो, आणि मी मुद्दाम त्याला वेळ देतो. वैशू म्हणते, "बाबा, आतातरी ते नकाराचं पत्र काढा." मी काढत नाही. तिच्या एवढ्या मोठ्या पदवीवर 'वैशाली किसन साळवे' असं साफ उलटं नाव छापलंय त्या लोकांनी. पोरीच्या आनंदात विरजण नको म्हणून मी गप्प बसतो, पण अमेरिकेतून येऊन आमच्या भिंतीवर लागलेल्या कागदांत नाव बिलकुल बराबर असलेला तेवढा एकच कागद आहे: आडनाव आधी!