दत्ताचं लोहचुंबक

दत्ता गेल्याचं मला ऑफिसात फोनवर कळलं. शेजाऱ्यांच्या घरून बायको बोलत होती. मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि समोरची फाइल उघडून बसलो. अंधेरी पूर्वेच्या आमच्या सोसायटीत दत्ता तळमजल्यावर राहायचा आणि मी दुसऱ्या मजल्यावर. रोज त्याच्या दारावरून जा-ये करणाऱ्या मला तो पंधरा दिवस इस्पितळात होता, हेसुद्धा ठाऊक नव्हतं. बायकोला ठाऊक होतं. तिनं सांगितलं नाही, कारण गेली तीन वर्षं दत्ताचं नाव निघालं की मी ताटावरून उठायचो...

आम्ही एका शाळेत, एका बाकावर होतो. वडिलांची गिरणीतली नोकरी सुटली तशी त्यानं नववीतच शाळा सोडली आणि मरोळच्या एका गॅरेजात डेंटिंगचं काम शिकायला लागला. पुढे तिथेच एका शेडमध्ये त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं. चेचलेलं मडगार्ड ठोकून तो असं सरळ करायचा, की मालकालाही ठोकर कुठे बसली होती ते दाखवता येऊ नये. "दत्ताच्या हातचं काम म्हणजे डोळे झाकून घ्या," असं मी ऑफिसात, लग्नकार्यात, भेटेल त्याला सांगायचो. तो समोर असला की लाजून म्हणायचा, "पुरे रे, मेल्या."

जुनी गाडी घेणारेही त्याला सोबत न्यायचे. मोडक्या लाउडस्पीकरमधून काढलेलं एक लोहचुंबक त्याच्या खिशात असे. दुसऱ्याच्या रंगावर ओरखडा नको म्हणून ते त्याच्या बायकोच्या, सुनंदावहिनींच्या, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं. ते तो गाडीवरून हळूहळू फिरवायचा. जिथे खरा पत्रा तिथे ते चिकटायचं. जिथे खड्डा लांबीच्या लगद्यानं भरून वर रंग मारलेला, तिथे गळून पडायचं. तिथे दत्ता खडूनं एक वर्तुळ काढी. विकणाऱ्यासमोर वाद नाही, चकार शब्द नाही, नुसतं वर्तुळ. "पत्रो खोटा बोलणा नाय," एवढं मात्र तो हमखास म्हणायचा.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी माझ्या डोक्यात लाल गाडीचं खूळ शिरलं. जुहूच्या एका दलालाकडे दोन दारांची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार विकायला होती. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून स्वस्तात देतोय, असं तो म्हणाला. ती गाडी मला किती हवी होती हे आज लिहायलाही लाज वाटते. जन्मभर बसच्या रांगेत उभा राहिलेला माणूस मी... एकदा तरी त्या समुद्राकाठच्या रस्त्यानं बायकोला शेजारी बसवून जायचं होतं. दलाल त्या दिवशी गावाला गेला होता. किल्ली रखवालदाराकडे होती. रविवारी मी दत्ताला तिथे घेऊन गेलो.

त्यानं नेहमीसारखं लोहचुंबक फिरवलं. बॉनेटवर चिकटलं, दारांवर चिकटलं, मागेही चिकटलं. एकही वर्तुळ नाही. मी मनातल्या मनात गाडी चालवायलासुद्धा लागलो होतो. मग त्यानं डिकी उघडली, आतला गालिचा वर केला आणि खालून पार सीटपर्यंत हात घातला. तो हात तिथेच राहिला. बराच वेळ. बाहेर काढून त्यानं तो पँटला पुसला.

"नको घेव."

"का? लांबी आहे कुठे?"

"नाय."

"मग?"

"नको म्हटलं ना, अरविंदा. चल."

रस्त्यावर आल्यावर मी पुन्हापुन्हा विचारलं. तो मान खाली घालून चालत राहिला. माझं टाळकं सटकलं. मी म्हणालो, "सांगू का? मी असल्या गाडीत बसलेला तुला बघवणार नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या ठोकल्यास ना, त्याची जळजळ आहे ही." दत्ता थांबला. काहीतरी बोलेल असं वाटलं. पण तो नुसता म्हणाला, "तसं समज."

मी तसंच समजलो. ती गाडी घ्यायची माझी छाती झाली नाही, त्याचाही राग त्याच्यावरच काढला. वर्षभरानं, त्याला न विचारता, मी एक साधी चार दारांची जुनी गाडी घेतली आणि मुद्दाम त्याच्या खिडकीसमोर उभी करायला लागलो. त्याचं काम कमी होत चाललंय असं कानावर यायचं. पिऊ लागला असेल, असंही मी एकदा बोलून गेलो. दत्तानं आयुष्यात कधी दारूला हात लावला नव्हता.

तेराव्यानंतर सुनंदावहिनींनी मला निरोप पाठवून बोलावलं. पुढ्यात एक पुरचुंडी ठेवली. "हे तुम्हाला द्यायला सांगितलं होतं, भावजी." त्या ओळखीच्या लुगड्याच्या तुकड्यात ते लोहचुंबक होतं. मी म्हणालो, "माझ्यावर राग नव्हता त्याचा?"  वहिनी म्हणाल्या, "त्या रविवारी हे जेवले नाहीत. म्हणाले, आज माझंच काम माझ्या हाताला लागलं."

मग वहिनींनी सगळं सांगितलं. ती लाल गाडी एक नव्हतीच. गॅरेज नवं असताना त्या दलालानं दोन मोडक्या गाड्या आणल्या होत्या. एकीचा पुढचा भाग आणि दुसरीचा मागचा, दत्तानं मधोमध जोडला होता. पत्र्याला पत्रा, लांबीचा कणही नाही. जोरात धडकली असती तर मधूनच दुभंगली असती. त्या रविवारनंतर दलाल गावाहून परतताच दत्ता त्याच्याकडे गेला, गाडी भंगारात काढ म्हणाला. दलालानं हाकलून दिलं. मग दत्तानं मरोळच्या गॅरेजांत जाऊन सांगितलं, ती गाडी कुणाला घेऊ देऊ नका, ती मी जोडलीय. गाडी विकली गेली नाही. दलालानं दत्ताची सगळी कामं तोडली, आणि जोडगाडीवाला म्हणून बाकीची गिऱ्हाइकंही फिरकेनाशी झाली.

"साऱ्या मरोळला सांगितलं," मी म्हणालो, "मग मला का नाही?"

"मी पण विचारलं होतं. म्हणाले, तो माझं नाव सांगत फिरतो गं. त्याला कुठल्या तोंडानं सांगू?"

मला तिथे बसवेना. पुरचुंडी घेऊन मी बाहेर माझ्या गाडीपाशी येऊन उभा राहिलो, आणि गेल्या दसऱ्याची सकाळ आठवली. हार घालण्याआधी गाडी धुवायला उतरलो होतो, तर पुढच्या डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात खडूनं काढलेलं वर्तुळ. सोसायटीतल्या पोरांचा चाळा समजून मी आरडाओरडा केला आणि ओल्या फडक्यानं ते पुसून टाकलं. दत्ता त्याच्या दारात उभा होता. तो तसाच आत गेला.

मी लोहचुंबक दारावर टेकवलं. चिकटलं. हळूहळू खाली आणलं. त्या कोपऱ्यात आल्यावर ते सुटलं आणि फडक्यासकट माझ्या पायावर पडलं. त्या बाजूला माझी बायको बसते. तीन वर्षं अबोला मी धरला होता. तो माझ्याशी बोलला होता, आणि मी ते पाण्यानं धुऊन टाकलं...

आता त्या जागी मी स्वतः खडूनं वर्तुळ काढून ठेवलंय. पुसट झालं की पुन्हा काढतो. बायकोला मी तिथे बसू देत नाही, ती मागे बसते आणि रोज विचारते, दार दुरुस्तीला कधी नेणार म्हणून. न्यायचं तर आहेच. पण कुणाकडे नेऊ?