भट्टीला दिलेलं बकरं

ती घटना आठवली की आजही एकटा बसलेलो असलो तरी हसू फुटतं. सुरुवात मात्र हसण्याजोगी नव्हती. सत्तरच्या दशकात मी शाहूपुरीत फौजदार होतो. दवाखान्यातून वर्दी आली, ओतकामाच्या कारखान्यातल्या तरुण कामगाराचा चेहरा भाजलाय. त्यानं जबाब दिला, "घरी स्टोव्ह भडकला." मी बाहेर पडलो तर त्याची बायको व्हरांड्यात आडवी आली.

"सायेब, आमच्यात स्टोव्हच न्हाय, चूल हाय की! खरं बोललास तर कामावरनं काढतो म्हणालाय मालक."

चेहरा विद्रूप झाला तरी कायद्यानं भरपाई होती, पण अपघात कामावरच झाला हे सिद्ध व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी हवालदाराला घेऊन मी कारखान्यात गेलो. मालक पक्का गडी. "आमच्या भट्टीवर कुणाला चटकासुदिक बसलेला न्हाय, सायेब." तासभर घोळवला, पण बधेना. कामगार खाली माना घालून उभे. मागच्या अंगणातून मटणाचा असा घमघमाट येत होता की हवालदाराचं पंचनाम्यात लक्षच लागेना.

"आता जेवूनच जावा," मालकानं आग्रह केला.

हवालदार तेवढ्यात पातेल्यापाशी पोचला होता. बकरं कापायला आलेले म्हातारे मुलाणी तिथं बसले होते. "चाचा, आज काय विशेष?"

"परवा भट्टीनं मानूस धरलं न्हवं? मग बकरं द्याय नको व्हय तिला?"

मालकाचं तोंड पांढऱ्या रश्श्यासारखं झालं. मी विचारलं, "का हो, हे बकरं स्टोव्हला दिलं काय?" सगळे कामगार खो खो हसले आणि त्या हसण्यातच त्यांची भीती गेली. एकामागून एक जबाब झाले. रस्सा तसाच सोडून यावं लागलं म्हणून हवालदार आठवडाभर माझ्यावर रुसला होता.

भरपाईच्या सुनावणीला तो कामगार तोंडाला टॉवेल गुंडाळून आला. मालकाचा वकील म्हणाला, "हातपाय धड आहेत. हा तोंडानं का साचे भरतो?"

बायको ताडकन उठली. "तोंडाचं कायच काम नसंल तर तुमीबी उद्या टावेल गुंडाळून या की!"

सुनावणी घेणारे साहेबसुद्धा हसले. भरपाई मंजूर झाली. मला कोण आनंद झाला!

माणूस पोलिसाशी बेधडक खोटं बोलेल, पण भट्टीशी खोटं बोलायला धजत नाही, हे मी तेव्हा शिकलो. पुढं राजारामपुरीत एका चहाच्या गाड्यावरून हाक आली, "सायेब, च्या घेतल्याबिगर जायचं न्हाय!" तोच होता. व्रणांनी भरलेला चेहरा उघडा, गिऱ्हाइकांशी मोठ्यानं थट्टा चाललेली. टॉवेल होता, पण खांद्यावर, कप पुसायला.