सहाव्या राखणदाराची जागा

प्रशिकदादा गेला त्या सकाळी मी आणि बाबा घरात पत्रकांच्या घड्या घालत बसलो होतो. बाबांचा फोन वाजला. पलीकडून करमाडचा मामा बोलत होता. बाबांनी नुसतं “कधी?” एवढं विचारलं आणि हातातली पत्रकं चटईवर उलटी ठेवली. आमच्या घरात छापलेला कागद उलटा ठेवायची पद्धत नाही, म्हणून मला बाबांनी सांगायच्या आधीच कळलं... ही पहिली बातमी. दुसरी काही आठवड्यांनी, मी रिक्षात असताना, मोबाईलवर आली. झेनार ही खेळण्यांची मालिका कंपनीने पुन्हा एकदा बंद केली होती. दोनच ओळींचं निवेदन होतं, त्यात आभार होते आणि कारण नव्हतं. ते वाचून मला पहिल्या बातमीसारखीच धडकी भरली, आणि हे लिहायला मला संकोच वाटत नाही. कारण दादा गेल्यापासून मामी फोनवर दर वेळी माझं नाव घेऊन एकच प्रश्न विचारत होती, “मित्रा, त्यो सहावा कवा यायचाय गं?” आणि आता मला उत्तर माहीत होतं.

प्रशिक माझा मामेभाऊ, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. लहानपणी त्याला तापाने धरलं आणि त्या तापाने जाता जाता त्याचं हृदय कमजोर केलं. दवाखान्यातून घरी आणताना मामाने गुलमंडीतल्या एका जनरल स्टोअरमधून त्याच्यासाठी एक खोका घेतला. उन्हात राहून खोक्याचा रंग उडालेला, वर परदेशी अक्षरं, आत प्लास्टिकचे सुटे भाग. ते जोडले की हातभर उंचीचा, मुखवटा घातलेला लढवय्या तयार व्हायचा. पाठीवरची चकती फिरवली की दंड खालीवर हलायचा. हाच पहिला झेनार. खोक्यात एक छोटी चित्रकथा होती. तिच्यात एका शहराला सहा वेशी, प्रत्येक वेशीवर एक राखणदार. आमचं शहरच जुन्या दरवाजांचं, त्याला वेशींचं काय अप्रूप! त्याने परदेशी नावं लगेच रद्द केली आणि राखणदारांच्या नेमणुका स्वतः केल्या. लाल तो भडकल दरवाजाचा, निळा पैठण गेटचा, मग दिल्ली गेट, रोशन गेट, काला दरवाजा. सहावा मकई दरवाजासाठी राखून ठेवला होता.

सुट्टीत तो आमच्याकडे बेगमपुऱ्यात राहायला यायचा. बाबा चळवळीतले. घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त. मी अक्षरं शिकले ती ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ या दोन शब्दांवरून. आम्ही दोघं घड्या घालायचो आणि गठ्ठ्यांच्या मधून राखणदार फिरायचे. गठ्ठे म्हणजे तटबंदी. एकेक करून पाच राखणदार जमले. सहावा पुढच्या वर्षी येणार असं चित्रकथेच्या शेवटच्या पानावर छापलं होतं. पुढचं वर्ष आलं, सहावा आला नाही. दुकानदाराने सांगितलं, “बंद हो गया बेटा वो माल.” गोष्ट मधेच राहिली, शत्रू मकई दरवाजाच्या बाहेर उभा. मी तेव्हा अगदी लहान होते. मी म्हटलं, उरलेल्या भागांचा एक बनवू की आपण. दादा इतका चिडला की मी घाबरले. “राखणदार काय कुठूनबी भरती करत असतेत का? त्याची जागा त्याचीच.” करमाडच्या घरातल्या फळीवर पाच लढवय्ये आणि एक मोकळी जागा तेव्हापासून आहे.

मी मोठी होत गेले तशी मला या प्रकरणाची चीड येऊ लागली. कॉलेजात असताना मी त्याला स्पष्ट सांगितलं, की एका परदेशी कंपनीने तुला अर्धी गोष्ट विकली, बाजार फिरला तसा गाशा गुंडाळला, आणि तू अजून त्या प्लास्टिकची धूळ झटकतोस. तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात डिस्पॅचला होता. कामावरून आलेला, पाय बादलीत. “बोला पत्रकबाई, बोला. माईक आणू का?” असं म्हणून हसला. नंतर हसू आवरून म्हणाला, “अर्धी गोष्ट विकली हे तुझं बरोबर हाय. पण अर्धीच असली तरी ती माझी हाय ना यार.”

पुढे त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं. आतली झडप बदलून कृत्रिम बसवली. घरी आल्यावर तो सगळ्यांना सांगायचा, “एक पार्ट बदललाय. ओरिजनल कंपनीचा नाय, पण बसला.” त्या झडपेचा आवाज येतो, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. शांत खोलीत टिक, टिक, मनगटी घड्याळासारखा. रक्त गोठू नये म्हणून रोज संध्याकाळी गोळी, ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी. गोळी कमी पडली तर गाठ, जास्त झाली तर रक्तस्राव. दादा या दोहोंच्या मधल्या वाटेवर आरामात चालल्यासारखा दाखवायचा. मामीला मात्र ते जमलं नाही. तिला एक सवय लागली. त्याच्या खोलीच्या दारात यायची, चौकटीला हात लावून उभी राहायची, श्वास धरून ऐकायची. टिक ऐकू आली की परत चुलीकडे. आत जाऊन बसली असं मी कधी पाहिलं नाही. “मामी, बस की जरा,” म्हटलं तर म्हणायची, “बसून कसं भागंल बाई... बसल्यावर ध्यान जातंय दुसरीकडं.” दादा आतून ओरडायचा, “चालू हाय गं माय, चालू हाय!”

झेनार पुन्हा येतोय ही बातमी आली तेव्हा दादा तिशी ओलांडलेला होता. नवे साचे, नवी गोष्ट, तेच सहा राखणदार. जुन्या चाहत्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता, नागपूरपासून नांदेडपर्यंतचे सगळे बाप्ये. पहिली चित्रं आली आणि ग्रुपवर दंगल उसळली. पाठीवरची चकती काढून टाकली, मुखवटे स्वस्तातले दिसतात, आमच्या बालपणाची वाट लावली. दादाने तिथे लिहिलं, “आपलं बालपण आपल्याकडंच आहे. कंपनीनं ते परत मागितलंय का?” त्यावर त्याला कंपनीचा एजंट ठरवण्यात आलं. एजंट! या माणसाने पहिला नवा खोका उघडला तेव्हा मी समोर होते. त्याच्यासारखी कठोर तपासणी कुठल्या समीक्षकाने केली नसेल. खांद्याचा तोच एक भाग कंपनीने चार ठिकाणी वापरलाय. मुखवटा हलक्या धक्क्याने निघतो, मग त्याला मुखवटा का म्हणायचं? चकती काढायला नको होती, ती जीव होती. गोष्ट पातळ आहे, शत्रू नुसत्या घोषणा देतो. इथे माझ्याकडे बघून, “तुझ्यासारखा.” नव्या सांध्याची खोबण जरा मोठी होती, त्यामुळे जुन्यांचे हात नव्यांना ढिले बसत. त्यावर त्याने नळाच्या जोडाला गुंडाळतात ती पांढरी टेप दोन वेढे लावून बघितली, आणि बसला हात.

मग त्याने नव्या राखणदाराचा पाय हातात धरला आणि गुडघ्यात वाकवला. थांबला. पुन्हा वाकवला. “मित्रा, हे बघ. जुन्यांचे गुडघे वाकत नव्हते. इतकी वर्षं उभे हायेत ते बिचारे.” त्याने नव्याला फळीच्या कडेवर बसवलं, पाय खाली सोडून.

“बसलेला राखणदार कसला?” मी म्हटलं. “पहाऱ्यावर बसतात का कुणी?”

“लई वेळ उभं राहिलं की बसावं वाटतं, मॅडम. तुला कळायचं नाय. तू तर झोपेतबी मोर्च्यात असतीस.”

त्या वर्षभरात मी त्याला जितकं काळजीत पाहिलं तितकं ऑपरेशनच्या आधीही पाहिलं नव्हतं. भीती स्वतःची नव्हती. खोके खपले नाहीत तर मालिका पुन्हा बंद पडेल, पुन्हा पाचावर थांबेल, ही होती. रविवारी तो मला शहरातल्या मोठ्या खेळण्यांच्या दुकानात न्यायचा. तिथे झेनारचे खोके वरच्या फळीवर, मागे ढकललेले. हा ते उतरवून पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर मांडायचा. अनोळखी आईबापांना गाठून सांगायचा, “घ्या, याचे गुडघे वाकतात.” एकदा दुकानाच्या रखवालदाराने हटकलं, “भाई, तुम कंपनी से हो क्या?” दादा म्हणाला, “नहीं, मैं गेट से हूँ.” रखवालदाराला काही कळलं नाही, मी मात्र हसून बेजार. पण पुढच्या खेपेला खोक्यांवर सवलतीचं पिवळं लेबल लागलेलं दिसलं आणि दादाचा चेहरा उतरला. “सूट लागली की समज, आवरतं घ्यायला लागले.” परतताना सिग्नलला त्याने गाडीचं इंजिन बंद केलं तेव्हा मला मागे बसून त्याची टिक ऐकू आली. नेहमीपेक्षा वेगात आहे असं वाटलं.

पाचवा आला. सहावा पुढच्या वर्षी, असं याही वेळी खोक्यावर छापलं होतं. करमाडच्या फळीवर आता दोन रांगा झाल्या, जुने पाच उभे, नवे पाच कडेवर बसलेले, आणि दोन्ही रांगांच्या टोकाला एकेक जागा मोकळी. मामीला त्याने पक्कं सांगून ठेवलं होतं, “माय, या वक्ताला सहावा येतोय बघ. आला की दोन्ही जागांवर आळीपाळीनं ठिवू.” मामी या सगळ्याला ‘बाहुले’ म्हणायची, पण मकई दरवाजाची जागा कुठली ते तिला ठाऊक होतं.

आमची शेवटची भेट याच विषयावरची. मी म्हटलं, बंद केली तर पत्रक काढू, लेकरांना अर्धी गोष्ट विकणं हा गुन्हा ठरला पाहिजे. तो म्हणाला, “काढ. पण शिव्या घालू नको. ‘सहावा द्या’ एवढंच लिही. मोठ्या अक्षरात.” त्यानंतर थोड्याच दिवसांत मेंदूत रक्ताची गाठ अडकली. गोळी चुकली नव्हती, तपासणी झालेली होती. सगळं व्यवस्थित करूनही असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं, आणि तेच ऐकून मामी दारात उभी राहायला लागली होती.

निवेदन वाचलं त्या दिवशी मी ते पत्रक लिहायला बसले. ‘सहावा द्या’ असा मथळा घातला. खाली काय लिहावं ते सुचेना, कारण ज्यांच्याकडे मागायचं त्यांना मराठी येत नाही, आणि ज्यांना मराठी येते त्यांच्यातल्या एकीला मी अजून काही सांगितलंच नव्हतं. मला भर सभेत उठून बोलायची भीती वाटत नाही. पोलीस चौकीत वाटली नाही. करमाडला फोन लावायची मात्र वाटत होती. मामीचं नाव पडद्यावर आलं की मी फोन पालथा ठेवायचे. न सांगता राहावं असंही मनात आलं, पण जे खरं ते सांगायचं असं शिकूनच मी वाढले, आणि मामीच्या बाबतीत त्यातून सुटका घ्यायची हे मला पटेना.

म्हणून एका दुपारी गेले. मामा बाहेर गेला होता. मामीने चहा टाकला, बशीत ओतून प्याली, मग म्हणाली, “चल, धूळ पुसायची ऱ्हायलीय.” खोलीच्या दाराशी ती थांबली. चौकटीला हात लावला, श्वास धरला. मीही तिच्या मागे थांबले, आणि माझेही कान आतल्या शांततेकडे लागले. मग ती आत गेली, फडकं घेऊन एकेका राखणदाराची धूळ पुसू लागली. शेवटी दोन मोकळ्या जागा पुसल्या, इतरांपेक्षा जास्त वेळ लावून.

“सहावा कवा येतोय मग?”

“मामी, नाही येणार. बंद केलं त्यांनी.”

तिचा हात थांबला. “कोण म्हणलं?”

“कंपनीच म्हणाली. छापून टाकलंय.”

“पहिल्या बारीला बी कंपनीच म्हणली व्हती ना, बंद झालं म्हणून?”

“हो.”

“मग आलं का नाय पुन्हा? येवढ्या वर्सांनी?” तिने फडकं झटकलं. “त्याच्या डोळ्यांदेखत आलं. येईल की. ह्ये येनारं हाय, बाई... ह्ये येतंय.”

‘ह्ये’ हा शब्द तिने दोनदा म्हटला. न येणाऱ्या कुणाशी तुलना चालली होती ते आम्हा दोघींनाही कळत होतं. मी दारातच उभी होते, हात चौकटीवर. मामीने फडक्याची घडी घालून उशाशी ठेवली आणि दादाच्या पलंगावर बसली. पलंग उंच, त्यामुळे तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. डोक्यावर फळी, फळीच्या कडेवर ते पाच, पाय खाली सोडलेले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि शेजारची जागा हाताने सारखी केली.

“बस की गं,” म्हणाली. “कवाची उभी हाईस.”