टीचर आणि माझी झाकली मूठ

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना बंद पडला, तेव्हा घरी येऊन मी सांगितलं, "मीच सोडलंय." बायकोला तेच, शेजारच्या दादालाही तेच. दादाला तर आवर्जून, कारण थोड्याच दिवसांपूर्वी त्याने शिरोड्याच्या हॉटेलातली नोकरी म्हणे मालकाच्या तोंडावर फेकली होती आणि ती गोष्ट वाडीभर तिखटमीठ लावून सांगितली होती. आमच्याकडे हे असंच. माणूस उपाशी राहील, पण 'माका काढल्यानी' म्हणणार नाही. कामावरून कमी केल्याचं पत्र मी काजूबियांच्या डब्यात तळाशी खुपसलं.

पण मुलगी गोव्यात नर्सिंग शिकत होती. दोन महिन्यांत वसतिगृहाचे पैसे भरले नाहीत, तर तिला सामान बांधून परत यावं लागणार होतं. म्हणून दोन अर्ज घेऊन मी टीचरकडे गेलो. एक प्रॉव्हिडंट फंड काढायचा, दुसरा बेकारी भत्त्याचा.

टीचर चर्चमागे राहतात. शाळेत आम्हाला गणित शिकवायच्या, आता निवृत्त झाल्यात आणि सरकारी नियम वाचतात. हौसेने! देवाशपथ, चहात खारी बुडवत परिपत्रक वाचणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. बरं, कुणाचा अर्ज भरून दिला म्हणून एक पैसा घेणार नाहीत. नारळ नेला तरी ओरडतात.

नोकरी सुटण्याच्या कारणापुढे मी 'स्वतःहून' लिहिलं होतं. तिथे त्यांचं लाल पेन थांबलं.

"ह्या खरा?"

"होय टीचर. मीच सोडलंय."

"मगे घरी जा. तुका काय गावचा नाय." म्हणजे दमडीही मिळायची नाही.

आणि त्यांनी मला पाचवीतल्यासारखं समोर बसवून समजावलं. पगारातून विम्याचे पैसे कापले जात होते, म्हणून नोकरी गेली तर तीन महिन्यांपर्यंत साधारण अर्धा पगार मिळतो, तोही आयुष्यात एकदाच. पण ज्याची गेली त्याला. ज्याने सोडली त्याला नाही. फंडाचंही तसंच. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो, माझी चारच झाली होती. मात्र कारखानाच बंद पडला असेल तर लागत नाही.

"एका खोट्यापायी दोनीकडसून बुडतंस."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, टीचर," मी पुटपुटलो.

"मुठीत काय आसा ता आधी बघ, मेल्या!"

असा राग आला मला! एवढी नोकरी गेली, वर ही बाई माझी अब्रूही सोडत नव्हती. पाय आपटत घरी गेलो, डबा पालथा केला आणि पत्र आणून त्यांच्यापुढे टाकलं. त्यांनी ते वाचलं. नवा अर्ज भरला, पत्र टाचलं, कोपऱ्यात लाल पेनाने लिहिलं, 'मंगळवार, दहा वाजता.'

"इचारल्यानी तर मोठ्यान सांग," एवढंच म्हणाल्या.

मंगळवारी विम्याच्या कार्यालयातल्या रांगेत माझा नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "नोकरी कशामुळे सुटली?" मी सहज मागे बघितलं, तर पाठीशी शेजारचा दादा. झालं, संध्याकाळपर्यंत वाडीभर होणार! पुढे तो भत्ता आला आणि मुलगी गोव्यातच राहिली, पण त्या घडीला मला फक्त तिचं बांधलेलं सामान दिसत होतं.

"मला काढलं," मी म्हणालो. जरा जास्तच मोठ्याने.

मागे कुणी हसलं नाही. मान वळवायची माझी हिंमत नव्हती. मग माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. हातात अर्ज होता आणि त्याच्या कोपऱ्यात, त्याच तिरक्या अक्षरात, लाल पेनाने, 'मंगळवार, दहा वाजता.'

"माका पण रे," दादा म्हणाला.